चमक नको

६ ऑक्टोबर, सोमवार
नाशिकहून बंदूकवाल्या हातेमभाईंचा फोन. आमच्या ह्यांची बंदूक ऑगस्टपासून त्यांच्याच दुकानात जमा आहे. म्हणाले, ताई, पावसाळ्यात नळ्यांना गंज धरलाय. लायसन तुमच्या नावावर होईपर्यंत थांबलात तर लोखंडाला खड्डे पडतील. पॉलिश कुठलं करायचं ते येऊन सांगा.
जेवताना प्रसादला सांगितलं. वडील गेल्यापासून तो ताटावर बोलत नाही. आज बोलला. "मी येतो बरोबर."
द्राक्षांच्या छाटणीला पेठची माणसं आली. पाठीमागच्या प्लॉटपासून सुरुवात.

९ ऑक्टोबर, गुरुवार
नाशिक. कॅनॉलवरून लांबच्या रस्त्यानं गेलो. जवळची वाट दत्तूभाऊजींनी चारी खणून बंद केली ती तशीच आहे. ह्यांना दवाखान्यात नेताना गाडी तिथंच अडली होती. मागं घेऊन, वळवून, मग कॅनॉल. चुलत दीर, शेजारी मळा, एकच बांध.
हातेमभाईंनी बंदूक काढून काउंटरवर ठेवली. जुनी दुनळी. हे जिथं डाव्या हातानं धरायचे तिथलं काळं पार उडून पांढरं झालंय. मी हात लावला. थंड.
"लग्नात मिरवायची की रानात न्यायची, त्यावर पॉलिश," हातेमभाई म्हणाले. एक जुन्या पद्धतीचं, निळसर काळं, आरशासारखं. दुसरा करडा रंग, फवारून भट्टीत भाजायचा. त्यावर उजेड चमकत नाही.
प्र. लगेच म्हणाला, "करडा. चमक नको. बिबट्या फिरतोय आमच्याकडं."
हातेमभाई हसले. "बिबट्याला चमकेचं काय, दादा? त्याला आपला वास आधी लागतो. चमक माणसाला दिसते."
प्र. हसला नाही. मी म्हटलं, विचार करून कळवते.


१० ऑक्टोबर
ते वाक्य डोक्यातून जात नाही. बिबट्या आहे हे खरं. खालच्या वस्तीवरची शेळी नेली. पण प्र. नं बिबट्याचं नाव आत्ताच काढलं. ह्याआधी त्याच्या तोंडी एकच नाव होतं, दत्तूभाऊजींचं.

१२ ऑक्टोबर, रविवार
सूनबाई सोनाली भांडी घासताना हळूच म्हणाली, "आई, हे संध्याकाळी बांधावर जाऊन नुसते उभे राहतात. हाक मारली तरी येत नाहीत."
मी प्र.ला परत समजावलं. उपकेंद्रात इतकी वर्षं सिस्टर होते, मला कळतं. चारीपाशी पोचायच्या आधीच ह्यांची नाडी लागत नव्हती. चारी नसती तरी...
तो म्हणाला, "तू चारी खणणाऱ्याला वाचवतेस."
रस्ता खड्ड्यांचा. गाडी हलत होती. माझी बोटं ह्यांच्या मनगटावर होती. लागत नव्हती, की मला लागली नाही?
हे त्याला सांगितलेलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार
चहा घेताना म्हटलं, विकून टाकू. हातेमभाई घेतील. घरात आता कोण वापरतंय.
प्र. शांत होता. "विक. ही नाय तर दुसरी. मिळत्यात. तिला लायसन लागत नाय आणि पॉलिशबी लागत नाय."
बशी धुऊन पालथी घातली आणि छाटणीवर गेला. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

१४ ऑक्टोबर
हातेमभाईंना फोन केला. कुठलं पॉलिश सगळ्यात हळू होतं ते विचारलं. त्यांना गंमत वाटली. लोक लवकर मागतात म्हणे. गरम टाकीत बुडवलं तर एका दिवसात होतं, पण दुनळीला ते चालत नाही, दोन नळ्या जोडणारी झाळ सुटते. हळूचं म्हणजे औषध लावून मुद्दाम गंज आणायचा, पाण्यात उकळायचा, घासायचा. तो काळा पडतो. पुन्हा गंज, पुन्हा उकळ. गंज आणून गंज थांबवायचा.
म्हटलं, तेच करा. चमकलं पाहिजे. घाई नाही.
पांढरी जागाही घासून जाईल, असं त्यांनी आधीच सांगितलं. म्हटलं, जाऊ द्या.
प्र.ला वाटतंय, बंदूक येणार आहे. तोवर दुसरी बघणार नाही. असं मी धरून चाललेय.

१८ ऑक्टोबर, शनिवार
हातेमभाईंचा फोन. प्र. परस्पर दुकानात जाऊन आला. करडा करा म्हणाला. हातेमभाईंनी त्याला सांगितलं, लायसन ज्यांच्या नावावर व्हायचंय त्याच सांगतील. घरी येऊन मला काहीच बोलला नाही. भाकरी मात्र एक जास्त खाल्ली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
लक्ष्मीपूजन. आपल्याकडं यंदा काही नाही. दारात एक पणती.
दत्तूभाऊजी फराळाचा डबा घेऊन आले. दुखवट्याच्या घरी कुणी तरी द्यायचा असतो, म्हणून. मी घाबरून उठले. पण प्र. नं पुढं होऊन डबा घेतला. "बसा काका." ऑगस्टपासून त्याच्या तोंडी काका नव्हतं. चहा सांगितला. छाटणीचं विचारलं. मग सहज, "रात्रीची लाईट तुम्हाला कधीपासून? एकटेच जाता का विहिरीच्या मोटारीवर?"
भाऊजींनी सगळं सांगितलं. बरं वाटलं त्यांना, दिसत होतं.
अंगणापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, भाऊजी, ती चारी बुजवा. "आधी बांधाची मोजणी होऊ द्या, वहिनी." म्हटलं, निदान रात्री एकटे जाऊ नका. "बिबट्याला भिऊन शेती होते का?"
पुढचं तोंडातून निघेना. पोटच्या पोराचं नाव घ्यायचं होतं.
सोनालीनं चकली पुढं केली. खाववली नाही.

२८ ऑक्टोबर
लायसनचा हुकूम आला, माझ्या नावावर. हातेमभाईंना म्हटलं, अजून दोन हात द्या. म्हणाले, ताई, आता काळं चढत नाही, नुसतं लोखंड झिजतं. सोमवारी घेऊन जा.

३ नोव्हेंबर, सोमवार
बंदूक आणली. फार सुंदर झाली. दारातला उजेड नळीवरून पाण्यासारखा पुढं गेला. ह्यांच्या हाताची खूण कुठंच नाही. मी शोधत होते, तसा प्र.ही शोधत होता. डोळे भरले त्याचे. मला वाटलं, इथंच संपेल.
हातेमभाईंनी विचारलं, काडतुसं देऊ का? लायसनवर मिळतात. मी नाही म्हटलं. प्र. वाद घालेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं.
त्यानं वाद घातला नाही. पिशवीची चेन लावली आणि गाडी काढायला गेला.
घरी आल्यापासून ह्यांचं कपाट, माळा, फवारणीच्या औषधांची खोली पाहिली. ह्यांची जुनी काडतुसं कुठंच नाहीत. प्र. नं आधीच काढली असतील. नसतीलही. बंदूक माझ्या गादीखाली आहे.
बाहेर प्र. हातपाय धुतोय. त्याला सरळ विचारायचं, की आधी भाऊजींच्या दारात जाऊन त्यांना सावध करायचं? चप्पल घातलीय. सोनालीला म्हटलं, माझ्या खोलीच्या दाराशी बस, उठू नकोस. ती पाट घेऊन दाराशी बसली.