दारात दहा हजार लिटर

८ एप्रिल २०१६, गुढीपाडवा
आजपासून रोज डायरी लिहायची. चहा दोनदाच. कोणावर ओरडायचं नाही. आणि या उन्हाळ्यात फायरगाडी कामाला लावून दाखवायची.

गाडी माझी. म्हणजे साखर कारखान्याची, पण लोक माझीच म्हणतात. मी कारखान्याचा संचालक आणि सेफ्टी कमिटीचा अध्यक्ष. उसाला आग लागली तर ढेकळं तुडवत थेट फडात घुसेल अशी गाडी पाहिजे, असं बोर्डात टेबल बडवून मीच सांगितलं होतं. सहा चाकं, सहाही ओढणारी. सेकंडहँड, पण रुबाबदार. गाडी आली आणि पाऊस गेला. ऊस नाही, बॉयलर पेटलेला नाही, तर आग कुठून लागणार?

परवाच्या सभेत एका सभासदानं विचारलं, ही गाडी ठिवली कशाला? मागून कोणीतरी ओरडलं, "पोळ्याला सजवाया!" सगळा मांडव हसला. व्हाइस चेअरमन विठ्ठलराव तोंडाला रुमाल लावून हसले. मीपण हसलो. घरी आल्यावर भाकर गिळवली नाही.

असो. चिडायचं नाही.

१० एप्रिल
आंघोळीत आयडिया सुचली. पाणी एकच तांब्या, त्यामुळं अर्धीच सुचली. उरलेली चहाला सुचली. (तिसरा चहा. पण कामाचा.)

आष्टीच्या पुढं डोंगरावर खडकदरा वस्ती आहे. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आलीत, घरं भरलीत आणि वर पाण्याचा थेंब नाही. टँकर ओढ्यावरची मोरी ओलांडून चढाच्या पायथ्याशी येतो, तिथल्या आडात पाणी ओततो आणि निघून जातो. पुढं बाया हंडे घेऊन चढ चढतात. टँकरला तो चढ झेपत नाही. आपल्या गाडीला झेपेल. दारात पाणी! पुढं कारखान्याची निवडणूक आहेच, पण तो विचार माझ्या मनात दुसऱ्या नंबरला आला.

१२ एप्रिल
शेडमध्ये गेलो. गाडीच्या दारावर पत्र्याची पाटी आहे, तिच्यावरून रुमाल फिरवला. मालासकट जास्तीत जास्त वजन बावीस टन. रिकामी गाडी चौदा. म्हणजे ओझं आठच टन. टाकीत सहा हजार लिटर पाणी मावतं, ते सहा टन झालं. आगीवर मारायचा फोम, पाइप, शिडी, माणसं धरली की आठ भरले.

पण कंपन्या नेहमी कमी लिहितात. आणि साध्या ट्रकची मागचीच चाकं ओढतात, हिची सगळी ओढतात. हिशोबानं ओझं तिप्पट चाललं पाहिजे. मी तिप्पट धरत नाही. दीडपट. माणसानं सावध असावं. टपावर दोन-दोन हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या बांधायच्या. एकूण दहा हजार.

ड्रायव्हर सटवाला विचारलं, चालंल का? तो म्हणाला, "सायरन वाजवायचा का?" म्हणजे त्याची हरकत नाही.

१३ एप्रिल
खात्रीसाठी गाडी विकणाऱ्याला पुण्याला फोन. तो म्हणाला, सगळी चाकं ओढतात ती गाडी रुतू नये म्हणून, जास्त ओझं घ्यावं म्हणून नाही. उलट पुढचा अॅक्सल आणि जादा गिअरबॉक्स यांचंच वजन एवढं असतं, की साध्या ट्रकपेक्षा ही माल कमी घेते.

विकताना हे सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं बहुतेक. पण तेव्हा जेवण आलं होतं.)

शोरूममध्ये बसून बीडचा दुष्काळ कळत नाही. फोन ठेवला.

१५ एप्रिल
टाक्या बसवल्या. लई भारी दिसतंय. वत्सलाबाईंना मुद्दाम शेडवर नेऊन दाखवलं. त्यांनी विचारलं, "तुमी सोता वर बसणार का?" म्हटलं, हो, पुढंच. "मंग मी न्हाई येत," म्हणाल्या. संसाराला इतकी वर्षं झाली तरी बाई माझ्या सार्वजनिक कामात रस घेत नाहीत.

१७ एप्रिल
खडकदऱ्याला जाऊन आलो. जीप पायथ्याशी ठेवून चढ पायी चढलो. अर्ध्यात दोनदा निसर्ग बघायला थांबलो.

वर माणसं जमली. भिवराबाई नावाची एक म्हातारी आहे, वस्ती तिचंच ऐकते. तिनं पितळी तांब्या भरून माझ्यापुढं ठेवला. मी चूळ भरली, दोन घोट घेतले आणि उरलेलं सवयीनं अंगणात ओतून दिलं. बाया त्या ओल्या मातीकडं बघत राहिल्या. मला काय बोलावं ते कळेना, म्हणून भाषण सुरू केलं.

येत्या बुधवारी दारात दहा हजार लिटर, असं जाहीर केलं. भिवराबाईनं विचारलं, "आन टँकर?" म्हटलं, आता टँकरची गरजच राहणार नाही. ती म्हणाली, "बगा बरं. आमी तुमच्या भरवशावर हावोत."

उतरताना टँकरवाल्याला फोन करून बुधवारची खेप रद्द करायला सांगितली. फोटोत दोन गाड्या आल्या तर कोणाचं पाणी ते लोकांना कळणार नाही.

२० एप्रिल, सकाळ
निघतोय. नारळ फुटला. बॅनरवर माझा फोटो, जरा जुना आहे. टपावर टाक्यांच्या मधे चार संचालक आणि हलगीवाले. त्यांचं वजन धरलेलं नाही, कारण ते स्वतःहून चढलेत. सटवानं सायरन लावलाय. आज मला आनंद लपवता येत नाही.

२० एप्रिल, संध्याकाळ
मोरी जुनी होती.

२१ एप्रिल
काल लिहिता आलं नाही. आज लिहितो. डायरीत तरी लिहिलं पाहिजे.

चढापर्यंत पोचलोच नाही. अलीकडं ओढ्याच्या मोरीवर पुढची चाकं गेली, आणि मागच्या चाकांखाली मोरीची फरशी बसली. आवाज मोठा नव्हता. गाडी मागं बसली आणि डावीकडं कलली. संचालक आणि हलगीवाले वाळूत उड्या मारून उतरले. कोणाला लागलं नाही, हे देवाचे उपकार. मग टपावरचे दोर तुटले. एक टाकी दगडावर आपटून फुटली, दुसरी गडगडत जाऊन फुटली.

स्वागताला वस्ती खाली आली होती. बायांच्या हातात ओवाळायची ताटं होती. पाणी वाळूत पळताना दिसलं तशी ताटं खाली टाकून त्या धावल्या. वाटीनं, ओंजळीनं, पदर भिजवून पिळून हंड्यात घ्यायला लागल्या. भिवराबाई गुडघ्यावर बसून ताटानं चिखलातलं पाणी ओढत होती. सायरन चालूच होता. सटवाला बंद कर म्हणून ओरडलो. बटन अडकलं होतं.

मी बॅनरजवळ उभा होतो. बॅनर सरळ करत होतो. का, ते माहीत नाही.

२१ एप्रिल, दुपारी
तरी एक गोष्ट आहे. गाडीच्या मुख्य टाकीतलं सहा हजार लिटर शाबूत आहे. म्हणजे साठ टक्के यश म्हणता येईल.

२२ एप्रिल
म्हणता येणार नाही.

वस्तीची माणसं हंडे घेऊन गाडीपाशी आली. मी स्वतः व्हॉल्व्ह उघडला. फेस आला. पांढरा, जाड, गुडघाभर. फोम टाकीत कधी झिरपला, टाकी शेवटची कधी धुतली, कोणालाच सांगता येईना. सेफ्टी कमिटीचा अध्यक्ष मीच.

मी म्हटलं, कपडे धुवायला चांगलं आहे. कोणी हसलं नाही. एका बाईनं हुंगून हंडा उपडा केला आणि वाट धरली. मागोमाग सगळ्या गेल्या.

टँकर येऊन उभा राहिला आणि परत गेला. मोरी खचलेली, तिच्यात माझी गाडी. टँकरला ओढ्यातून दुसरीकडून वाट नाही. क्रेन मांजरसुंब्याहून मागवलीय. क्रेनवाला म्हणाला, आधी गाडी रिकामी करा, एवढं ओझं उचलत न्हाई.

२४ एप्रिल
चेअरमनना फोन केला. मोरी कशी निकृष्ट होती ते सांगायला सुरुवात केली. ते म्हणाले, "राधाकिशन, आता पुरं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

विठ्ठलरावांनी त्यांच्या चार बैलगाड्या माणसं आणि पाण्याच्या टिपाडांसकट ओढ्यात उतरवल्या. वाळूतून पायथ्याच्या आडापर्यंत पाणी पोचतंय. मी ऐकून तिकडं गेलो. म्हटलं, माझ्याबद्दल काय बोलतात ते समोर तरी ऐकावं. ते कासरा धरून उभे होते, धोतर भिजलेलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "आलात? चहा घेतला का?"

मांडवात हसले होते तेव्हा त्यांचा राग येत होता. आज येईना. प्रयत्न करून बघितला.

२६ एप्रिल
सेफ्टी कमिटीचा राजीनामा लिहिला. कारण काय लिहावं? 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहिलं. खोडलं. 'मोरीच्या' लिहिलं. तेही खोडलं. कारण न लिहिताच पाठवला.

वत्सलाबाई आज म्हणाल्या, "वस्तीवर जाऊन या." म्हटलं, जाऊन काय सांगू? "सांगू नका," म्हणाल्या.

२७ एप्रिल
गेलो. सांगायचं नाही असं ठरलं होतं, तरी चार वाक्यं पाठ केली होती. माफी, जबाबदारी, प्रायश्चित्त अशी.

पायथ्याच्या आडावर बाया पाणी शेंदत होत्या. मी हात जोडून म्हटलं, भिवराबाई, माझ्या हातून जे घडलं त्याबद्दल… ती म्हणाली, "बोलू नगा. हात मोकळे हायेत का?" आणि भरलेला हंडा पुढं केला.

डोक्यावर जमेना. खांद्यावर घेतला. पहिल्या वळणाला बसलो. मग पोटाशी धरून चाललो, पाणी डचमळून सदरा भिजला. पुढं परत बसलो. बाया एकेक करून मला ओलांडून वर गेल्या. कोणी थांबलं नाही. एक पोटुशी बाई दोन हंडे घेऊन गेली.

वर पोचलो तेव्हा हंड्यात निम्मं होतं. माझ्या उपरण्याचं टोक आत बुडालेलं. भिवराबाईनं हंड्यात डोकावून बघितलं, ते टोक दोन बोटांनी बाहेर काढलं, पिळून माझ्या खांद्यावर टाकलं. मी हंडा रांजणाकडं नेत होतो. तिनं हातानं अडवलं आणि गोठ्याकडं दाखवलं.

ते पाणी म्हशीपुढं ठेवलं. म्हैस प्याली.

"उंद्या येता का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. चालून चालून गळा कोरडा पडला होता, पण प्यायला मागायची हिंमत झाली नाही.