एकशे एक्कावन्न मोदक

।। श्री ।।

इंदिरा नगर, लखनौ
६ जुलै २०२५

ती. यमुनाताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचा पत्ता बघूनच तू चष्मा पुसला असशील. चष्म्याचा दोष नाही, अक्षर माझंच तिरकं आलंय. उजवा अंगठा दोन महिने ठणकतोय. परवा डॉक्टरांना दाखवला. मुळाशी सांधा झिजलाय म्हणाले. तीन महिने मळणं, किसणं, पिळणं बंद, आणि ऐकलं नाही तर पुढे पेनसुद्धा धरता येणार नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही, मोबाइलवरची टिचभर अक्षरं तुला दिसत नाहीत. पेन सुटलं तर मी तुझ्याशी बोलू कशी?

आणि माझं शहाणपण ऐक. दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी मंडळाचे सेक्रेटरी विश्वासराव आले. यंदा चतुर्थी सत्तावीस ऑगस्टला, नैवेद्याचे एकशे एक्कावन्न उकडीचे मोदक नेहमीप्रमाणे तुमच्याकडेच ना, असं त्यांनी विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळी! बावीस वर्षं एकटीने केलेत, तोंडाला सवयच लागलीय. हे माझ्या अंगठ्याकडे नुसते बघत बसले. सूनबाई देवयानी काही सांगायला आली होती, पण तिला मी तिच्या शाळेच्या वह्या तपासायला पिटाळलं. नात मात्र स्पष्ट बोलली. अंतराला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. आजी, तुम्हें ना बोलना आता ही नहीं, असं म्हणाली.

पोरीचं खरं आहे. ताई, तू चाळीस वर्षं शाळेत काढलीस, भल्याभल्यांना गप्प बसवलंस. साठी उलटून गेलेल्या या विद्यार्थिनीला तेवढं नाही म्हणायला शिकव.

लोभ आहेच, तो अक्षरासारखा वाकडा होऊ देऊ नकोस.

तुझी,
मधू

।। श्री ।।

भोर
१४ जुलै २०२५

चि. सौ. मधुमतीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर एवढं काही वाईट नाही, तिसरीतल्या पोरांचं असतं तसं आहे. पण पेन सुटण्याची भाषा पुन्हा करायची नाही. आठवड्याला पोस्टमनची वाट बघते मी, दुसरी करमणूक काय आहे मला?

आता औषध. नाही म्हणणं जोर-बैठकांसारखं आहे. पहिल्याच दिवशी शंभर मारायला गेलं की कंबर धरते. रोज एकच नाही म्हणायचं. साधं, गोड आवाजात, आणि कारण न देता. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढायला बसतो. म्हटलंस की कॅलेंडरवर फुली मार. दहा फुल्या झाल्या की जा विश्वासरावांकडे.

मला बघ. खालच्या औषधांच्या दुकानातला गोपीनाथ सहा वर्षं मागे लागलाय, काकू, कानाला मशीन लावा म्हणून. मी नको म्हणजे नको. जन्मभर पोरांचा कलकलाट ऐकला तेवढा पुष्कळ झाला. त्याने किती वेळा विचारलं, मी कधी बधले नाही. असं पक्कं राहायचं.

आंबेमोहोराची पिठी ऑगस्टच्या सुरुवातीला धाडते. मोदक नाही तर घावन होतील.

नंदकुमाररावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुला दोन्हींतलं जे जास्त लागेल ते.

यमुना

।। श्री ।।

लखनौ
२५ जुलै २०२५

ती. यमुनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझी विद्यार्थिनी पहिल्या नंबरात आहे! या गावात नाही म्हणणं किती अवघड ते तुला काय ठाऊक. इथे कुणी तोंडावर नाही म्हणतच नाही. जी, देखते हैं, असं म्हटलं की समजून घ्यायचं. तरी मी निभावलं. सब्जीवाला भैया शिळी तोरई गळ्यात मारत होता, त्याला नाही. शेजारची हिमानी आठवडाभर कुत्रा सांभाळायला देत होती, तिला नाही. अंतराला चिकनच्या भरतकामाचा कुर्ता घ्यायला चौकात गेले, तर दुकानदाराने इतक्या अदबीने एकेक कुर्ता उलगडला की एरवी मी लाजेने तीन तरी घेतले असते. एक घेतला आणि उठले. त्याने चहा मागवला. चहा प्याले, आणि पुन्हा नाही म्हणून बाहेर आले. रिक्षात बसल्यावर हसू आवरेना.

घरात तर मी एका दिवसात तीन फुल्या मारल्या. देवयानी नारळ खवते म्हणाली, तिला नाही. अंतरा कणीक मळते म्हणाली, तिला नाही, चिकट करून ठेवेल. अभिराम बँकेतून येताना स्वयंपाकाला बाईची चौकशी करून आला, त्या पोटच्या पोरालाही नाही. आहे की नाही प्रगती?

विश्वासरावांकडे मात्र दांडी उडाली. गेले, त्यांनी पंखा लावला, सरबत दिलं, जुन्या फोटोंतली माझ्या मोदकांची ताटं दाखवली. पार लांबच्या तेलीबागेतून माणसं त्या मोदकांसाठी येतात म्हणाले. परत आले तेव्हा एकशे एक्कावन्न मोदक होतेच, वर खिरापतही माझ्याच गळ्यात पडली होती. अंगठा जास्तच सुजलाय. हे पत्र लिहायला तीन दिवस लागले, त्यात मला रडू आलं ते तुला म्हणून सांगते.

पुढचा धडा लवकर पाठव. तुझ्या मायेवर आणि छडीवर सारखाच भरवसा आहे.

मधू

।। श्री ।।

लखनौ
२ ऑगस्ट २०२५

ती. यमुनामावशींस,
सा. न. वि. वि.

मी देवयानी, तुमच्या मधूची सून. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, तेलीबागेत वाढले, शाळा सगळी हिंदीत झाली. गलत्या सांभाळून घ्या. हे पत्र आईंना न सांगता लिहिते आहे, पहिल्यांदाच.

काल आई पातेलं उचलायला गेल्या आणि अंगठ्याने दगा दिला. गरम पाणी पायाजवळ सांडलं. थोडक्यात वाचल्या. मी धावले तर म्हणाल्या, राहू दे, मी पुसते. मावशी, मला आठ साल झाले या घरात येऊन. नारळ देत नाहीत, पोळपाट देत नाहीत. हो, अंतरा त्याआधीची आहे, अभिरामच्या पहिल्या लग्नाची, तिला तर त्यांनीच वाढवलं, त्यामुळे सगळं स्वतःच करायची आदत आहे हे मला समजतं. पहिल्या साली मी हौसेने अकरा मोदक केले होते. आईंनी एकेक उघडून पुन्हा वळले. तेव्हापासून मी विचारते जरूर, पण दारातूनच.

त्या वाईट नाहीत. मला बुखार आला तर रात्रभर बसतात. पण त्यांचा हात गेला तर आम्ही सगळे फक्त बघत राहिलो असं होईल. तुमचं त्या ऐकतात. माझं नाव येऊ देऊ नका, प्लीज.

तुमच्या आशीर्वादात माझाही थोडा हिस्सा ठेवा.

आपली,
देवयानी

।। श्री ।।

भोर
८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मधुमतीस,
अ. उ. आ.

मधे, मी तुला चुकीचं औषध दिलं. कबूल करते. मला कुणी काही सांगितलेलं नाही, तुझंच पंचवीस तारखेचं पत्र समोर ठेवून लिहिते आहे. ते तू पुन्हा वाच. नारळ खवते म्हणाली, तिला नाही. कणीक मळते म्हणाली, तिला नाही. बाई लावू म्हणाला, त्याला नाही. अगं बाई, नाही म्हणायला तुला कुणी शिकवायची गरज कधी होती? राहू दे, मी करते, हे तू बोलायला लागल्यापासून म्हणतेस. मी घातलेली रांगोळी पुसून पुन्हा घालायचीस, आठवतं? सात वर्षांची होतीस. तेव्हापासून मी रांगोळी सोडली ती सोडलीच.

विश्वासरावांना तू नाही म्हणू शकत नाहीस, कारण ते मोदक तुला हवे आहेत. एकशे एक्कावन्न, सगळे सारखे, सगळे मधुमतीचे. त्यात देवाचा वाटा किती आणि तुझा किती, ते तुझं तू बघ.

तर नवं औषध. कुणी करते म्हणालं की हो म्हणायचं. मग हात मागे घ्यायचा, आणि त्याने केलेलं दुरुस्त करायचं नाही. शेवटचं सगळ्यात कडू आहे. पिठी पाठवली आहे, पण पार्सल देवयानीच्या नावाने. तुला हवी असेल तर तिच्याकडे माग.

रागावशील. रागाव. पण त्या रागाचंही पत्र मला यायला हवं, म्हणून हात जप.

तुझ्यावर बोलायचा हक्क असलेली,
यमुना

।। श्री ।।

लखनौ
२९ ऑगस्ट २०२५

ती. यमुनाताईस,
सा. न. वि. वि.

रागावले होते. तुझं पत्र घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवलं, आठ दिवस काढलं नाही. पिठीचं पार्सल आलं. देवयानीने न फोडता माझ्यासमोर आणून ठेवलं आणि दारात जाऊन उभी राहिली. दारात का, असं विचारणार होते, आणि एकदम आठवलं. आठ वर्षांपूर्वी या पोरीने अकरा मोदक केले होते आणि मी ते सगळे उकलून पुन्हा वळले होते. तिच्या देखत. ताई, मला कुणी असं केलं असतं तर मी त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नसतं. तिला जवळ बसवून मी माफी मागितली. मग दोघीही रडलो, आणि पार्सल तिनेच फोडलं.

विश्वासरावांकडे गेले ती सरबत प्यायच्या आधीच बोलले. मोदक होतील, पण मी खुर्चीत बसेन, वळायला मंडळाने यायचं, पुरुषांनीसुद्धा. ते हसले. मी हसले नाही. मग तेही हसायचे थांबले.

चतुर्थीला पहाटे हॉलवर चौदा माणसं! उकड देवयानीने काढली, मी नुसती हो म्हणत होते. पारी कशी करायची, तेलपाण्याचा हात कसा लावायचा, कळ्या कशा पाडायच्या, एवढं तोंडी सांगितलं. ह्यांनी उभा जन्म वनस्पतींच्या संशोधनात, झाडांची पानं मोजण्यात घालवला, तर मोदकाच्या कळ्या मोजत बसले, तासात चार मोदक झाले. विश्वासरावांचे मोदक समोशासारखे, अंतराचे कचोरीसारखे. माझे हात असे शिवशिवत होते की शेवटी मी पदराखाली घेऊन त्यांच्यावर बसायचीच बाकी होते. एकदा उठलेसुद्धा. देवयानीने नुसतं बघितलं, मी परत बसले.

सतरा फुटले. तरी एकशे त्रेसष्ट झाले! आरतीनंतर जी गंमत झाली ती बावीस वर्षांत झाली नव्हती. जो तो ताटात आपला मोदक शोधत होता. माझे सारखे मोदक लोक खात होते आणि घरी जात होते, यंदा दुपारी तीनपर्यंत हॉल रिकामा होईना. मी देवयानीचा घेतला. नऊ कळ्यांचा, थोडा तिरका. सारण माझ्यापेक्षा सरस होतं, आणि ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. पुढच्या वर्षीच्या मोदकांचं पुढारपण तिच्याकडे दिलंय.

हे पत्र एका बैठकीत लिहिलं आहे. अक्षर बघ.

आता तुझी पाळी. चौदा जुलैचं तुझं पत्र समोर ठेवून लिहिते आहे. गोपीनाथ सहा वर्षं मशीन लावा म्हणतोय, आणि तू नको म्हणजे नको. बाई गं, रांगोळी पुसणारी मी एकटी नव्हते. कुणी करतो म्हणालं की हो म्हणायचं, हे औषध कुणी दिलं होतं?

लोभ ठेव, आणि हट्ट कमी कर.

मधू

।। श्री ।।

भोर
१६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मधुमतीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुला उद्धट म्हणाले, मोठ्याने. दुसऱ्या दिवशी खाली उतरले आणि गोपीनाथला हो म्हणाले. तो इतका चकित झाला की त्याने गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मलाच दिले. लगेच दुकान बंद करून पुण्याला घेऊन गेला.

मशीन लावलं. पहिला आवाज माझ्याच चपलांचा आला. एवढी फरफटत चालते मी, कुणी सांगितलं कसं नाही? मग जिन्यातल्या चिमण्या, कुकर, आणि शेजारणीचं माझ्याबद्दलचं मत. सगळं ऐकू आलं. सहा वर्षं मी ऐटीत नको म्हणत होते त्यात हे सगळं गेलं, याचं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू.

रविवारी फोन केला तो तुला आठवतोयच. मी काय काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, आणि तू ताई म्हणालीस आणि मला एकही ओळ दिसेना. मधे, तुझा आवाज आईसारखा झालाय. मला माहीतच नव्हतं. तू तिकडे हुंदके देत होतीस तेही स्वच्छ ऐकू आले. फोन ठेवल्यावर मी अंगणात जाऊन रांगोळी काढली. साठ वर्षांनी. वाकडी आली, आणि मी ती तशीच ठेवली.

आता फोन आहे म्हणून पत्रं बंद करशील तर याद राख. अंगठा दुखला तर देवयानीकडून लिहून घे. आणि तिने लिहिलेल्यात चूक दिसली, तर खोडू नकोस.

तुम्हा सगळ्यांना भरभरून आशीर्वाद. यापुढे नमस्कार ऐकूनही घेईन.

यमुना