ताईच्या किनाऱ्याला लागलेले घर

स्वस्ति श्री अखिल-पातागोनिया-मेष-लोकर-कर्तन-धुरंधर, हिमवात-सहिष्णु, पत्रोत्तर-पराङ्मुख, कनिष्ठ बंधुवर्य अब्दोन बार्रिया यांस, चिलोएच्या या चिमुकल्या बेटावरून, चॅपेलचा फिस्कल (पाद्रे वर्षातून एकदा येतात, एरवी प्रार्थना मीच चालवतो आणि त्यांच्याहून अधिक लांबवतो), बटाटा-कुल-भूषण बाल्दोमेरो याचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? येथे सर्व क्षेम आहे. केवळ घर जागेवर नाही.

एतेल्विनाताईच्या डुकराने माझे बियाण्याचे बटाटे उकरून फस्त केल्यापासून आम्हा बहीण-भावांत संभाषण नाही, हे तू जाणतोसच. पुढे पुढे कुंपणापलीकडचे तिचे मौनसुद्धा मला ऐकू येऊ लागले. तेव्हा सामुद्रधुनीपलीकडच्या टेकडीवर सपत्नीक आणि सगृह प्रयाण करण्याचा मी संकल्प केला. भरतीच्या वेळा काढल्या, बैलजोड्या ठरवल्या, आमचे लाकडी घर पाण्यावर तरंगावे म्हणून खाली पिंपे बांधली, मेजवानी आधीच पैलतीरी रवाना केली. रीतीप्रमाणे टोपी हातात घेऊन दारोदार गेलो आणि घर ओढायला या, अशी विनवणी केली. एक दार तेवढे वगळले. (कोणाचे, हे सांगणे नलगे.) आदल्याच रविवारी मी चॅपेलमध्ये योनाची कथा वाचली होती, आणि देवाने निनवेला धाडले असता उलट दिशेला तार्शीशचे जहाज गाठून वादळात सापडणाऱ्या त्या संदेष्ट्याची यथेच्छ टिंगलही केली होती.

बैलांनी घर ओंडक्यांवरून किनाऱ्याला आणले, भरतीने ते उचलले, लाँचने ओढले. मी दर्शनी खिडकीत उभा राहून हस्तसंकेतांनी लाटांना मार्गदर्शन करत होतो. ऐन मध्यावर दोर तुटला. लाँचवाला ऊएन्तेओ ओरडला, “फिस्कलसाहेब, दोर गेला! आता तुम्हीच बघा, तुमची वर ओळख आहे!” आतून तुझी एर्सिरावहिनी म्हणाली, “योनामहाराज, खिडकी लावा, पाणी येतंय.”

त्यानंतर जे घडले त्याचे मी निव्वळ रसिक या नात्याने कौतुक करतो. वाऱ्याने आमचे घर खडकांपासून अलगद वळवले, कोळ्यांच्या जाळ्यांना धक्का लागू दिला नाही, एक काच तडकू दिली नाही, आणि भरतीच्या शेवटच्या लाटेसरशी ते ठेवले (आदळले नव्हे, ठेवले) परत याच किनाऱ्यावर, थेट ताईच्या खिडकीसमोर! योसेफाला भावांनी विकले ते तो पुन्हा दिसू नये म्हणून. आणि दुष्काळात ते धान्य मागायला उभे राहिले ते त्याच्याच पुढ्यात. असे नियोजन करणाऱ्यापुढे माझी पिंपे ती काय आणि माझे वेळापत्रक ते काय!

ताईने खिडकी उघडली. “आलास? अरे मेल्या, नुसतं तोंडाने बोलावलं असतंस तरी आले असते मी. अख्खं घर कशाला घेऊन आलास?”

अब्दोन, इतक्या दिवसांनी मी तिला जवळून पाहिले. तिचा गुडघा इतका गेला आहे की ती भिंत धरून पायऱ्या उतरते. कुंपणापलीकडून मला तिचे केवळ डोके दिसत असे.

मदतीला आलेले सगळे उपाशी, आणि अन्न पैलतीरी. ताईने गर्दीकडे पाहिले, मग डुकराकडे पाहिले. संध्याकाळपर्यंत आमच्या कलहाचे मूळ सर्वांच्या ताटांत पोहोचले होते. मला तिने स्वहस्ते वाढले. मांसाला माझ्याच बटाट्यांची चव होती, हे मी बोललो नाही.

तथापि संकल्प तो संकल्प. वसंतात घर पुन्हा ओढायचे आहे. तू जाडजूड दोर घेऊन यावेस, ही आज्ञा.

तुझा, सध्या स्वतःच्या पत्त्याविषयी साशंक, थोरला बंधू
बाल्दोमेरो

ता. क. दोर आणू नकोस. तिकडचे मेंढपाळ गुडघ्याला चोळतात ते औषध आण. आणि ये मात्र नक्की. ताई रोज विचारते.

पुनश्च. घराची पाठ जमिनीकडे आणि दार समुद्राकडे आले आहे. त्यामुळे भरतीच्या वेळी शिडी लावून मागच्या खिडकीतून जा-ये करावी लागते. ती शिडी ताईने सफरचंदे उतरवायला नेली आहे; वर शेजारचा पोरगा चढतो, खालून हुकूम ती सोडते. भरती चढली आहे, एर्सिरा आत आहे, जेवण आत आहे, आणि मी हे ताईच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर बसून लिहितो आहे. दोनदा हाक मारली. ती म्हणते, अजून एक फांदी राहिली आहे.