दादाचे राहिलेले पाच खेळ

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळ
आजपासून मॉडर्न पेंटॅथलॉन. निर्णय पक्का, आणि पूर्णपणे माझा. तलवारबाजी, पोहणे, घोडेस्वारी, पिस्तुलाची नेमबाजी आणि धावणे, हे पाचही खेळ एकाच माणसाने करायचे. सेलूत हे कुणीच करत नाही, म्हणजे तालुक्यातला पहिला नंबर आजच माझा झाला. वय बेचाळीस, नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत क्लार्कची, पोट किंचित. फिटनेससाठी करतोय. मे महिन्यात दुधना नदीच्या काठावर जे झालं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

तोच दिवस, दुपार
जे झालं ते लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. चंद्रभानदादाचा, माझ्या मोठ्या भावाचा, दहावा होता. पिंडाला कावळा शिवेना. वाळूत पाय ठरत नव्हते. माधवीवहिनी म्हणाल्या, आपल्या लेकीला, श्रद्धाला शिकवीन, तिची काळजी नको. कावळा जागचा हलला नाही. मामा म्हणाले, बांधाचं भांडण मिटवतो. तरी नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. माझे तळपाय भाजून निघाले होते. हात जोडले आणि मोठ्याने बोलून गेलो, दादा, तुझं जे राहिलंय ते मी करीन. कावळा तडक आला आणि शिवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दादाचं राहिलं होतं ते हेच. तो स्पोर्ट्स टीचर. माझ्यासमोर बसला की एकच पालुपद, पुढच्या वर्षी मॉडर्न पेंटॅथलॉन करणार. मग शाळेच्या मैदानावर पोरांना शिट्टी वाजवता वाजवता खाली बसला, तो उठलाच नाही. मी बी.एस्सी. आहे. कावळ्याला भूक लागली होती, विषय संपला.

५ ऑक्टोबर
धावणे. देवगाव फाट्याच्या रस्त्याने निघालो. बूट दादाचे, एक नंबर मोठे, म्हणून मोजे दुहेरी. जरा पुढे गेल्यावर मागून पावलं ऐकू आली. मी थांबलो, ती थांबली. मी निघालो, ती निघाली. कारण उघड आहे. बूट सैल, त्यामुळे टाच दोनदा आपटते. शंका नको म्हणून परत येताना रिक्षाने आलो.

६ ऑक्टोबर
घरात तेच बूट घालून चालून बघितलं. टाच एकदाच आपटली. फरशीचा परिणाम असणार.

१९ ऑक्टोबर
पोहणे. फाट्याजवळ मुंजाजीकाकांचा मळा आहे, तिथली विहीर. दादा पोहायला तिथेच शिकला. काकांनी पाठीला बांधायला रिकामा कॅन दिला आणि म्हणाले, "मास्तर लय भारी मुटका मारायचे हितून. तुमी बी हाना, सर." मुटका म्हणजे गुडघे पोटाशी धरून मारलेली उडी. मी क्लार्क आहे, पण काका सगळ्या पँटवाल्यांना सर म्हणतात.

विहीर काठोकाठ. कोपऱ्यातल्या पायरीवर आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवींना, वाहिलेली हिरवी बांगडी, आणि पाण्यात लिंबू तरंगत होतं. पायरीवर बसून पाय सोडले. याला वॉटर अडॅप्टेशन म्हणतात, पहिले काही दिवस एवढंच करायचं असतं. खाली वाकलो तर पाण्यात दादा दिसला. नाक आमचं सारखंच आहे. तरीपण निघालो.

९ नोव्हेंबर
अडॅप्टेशन चालू. कॅन अजून कोरडा. काका म्हणाले, "सर, पाय तर लय स्वच्छ झाले तुमचे."

२३ नोव्हेंबर
तलवारबाजी. तलवार मिळत नाही, म्हणून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाची, काठी घेतली. ओसरीच्या खांबावर हल्ला, माघार, पुन्हा हल्ला. जोरदार फॉर्म. राजेश्री दारातून बघत होती. म्हणाली, "खांब जिंकायलाय." बायकोने नवऱ्याला प्रोत्साहन द्यायचं असतं. तीच पुढे म्हणाली, "एकटेच खेळता तर मग बोलता कुणासंगं?" मी बोलत नव्हतो. फक्त म्हणालो होतो की दादा, बाजूला हो, लागेल.

१४ डिसेंबर
धावणे नियमित, म्हणजे आठवड्यातून एकदा. धुकं फार. मागची पावलं आहेतच. मी दमून चाललो की तीही चालतात. लहानपणी याच रस्त्याने शाळेत जाताना तो पुढे पळायचा आणि वळून ओरडायचा, जिवन्या, हल की. आता मागे राहतो. बहुतेक मला पुढे जाऊ देतोय. हे वाक्य खोडायला हवं. शास्त्रीय नाही.

११ जानेवारी
घोडेस्वारी. अख्ख्या सेलूत सवारीला मिळेल अशी घोडी एकच, बजरंगची, वरातीतली. बँड वाजल्याशिवाय ती पाऊल उचलत नाही. बजरंगने मोबाईलवर गाणं लावलं, तर ती जागेवरच नाचायला लागली. मी दोन्ही हातांनी मान धरली. या पोझिशनला काहीतरी नाव असणारच.

मग धान्याच्या मोंढ्याकडून खरी वरात आली आणि घोडी तिच्यात घुसली. एका आजीने माझ्यावरून लिंबू उतरवून टाकलं. नवरदेव मागच्या जीपमध्ये बसून रागाने बघत होता. शाळेच्या मैदानाशी मात्र ती एकदम थांबली. बँड पुढे गेला तरी हलेना. कान टवकारून रिकाम्या मैदानाकडे बघत राहिली, दादा खाली बसला होता नेमक्या त्या बाजूला. बजरंग हळूच म्हणाला, "जनावराला दिसतंय, सर. आपल्याला न्हाई दिसत."

मी खाली उतरलो, खरं म्हणजे पडलो. घाबरलो वगैरे नाही. घरी लांबच्या रस्त्याने आलो, तो व्यायामासाठी.

१२ जानेवारी
इंटरनेटवर वाचलं की पॅरिस ऑलिम्पिकनंतर या खेळातून घोडा काढून टाकला. आता त्याजागी अडथळ्यांची शर्यत. म्हणजे एक खेळ आपोआप संपला. प्रगती उत्तम.

१ फेब्रुवारी
नेमबाजी. जिंतूरच्या बाजूला एका जत्रेत फुगे फोडायची बंदूक होती. पिस्तूल नव्हे, पण तत्त्व तेच. एकही फुगा फुटला नाही. बंदूक परत दिल्यावर एक आपणहून फुटला. तो माझ्या नावावर धरला. राजेश्रीला म्हणालो, बघ, दादानं फोडला. ती हसली नाही. म्हणाली, "डॉक्टरला दाखवू का एकदा?" हिला स्पोर्ट्स सायकॉलॉजी कळत नाही.

१ मार्च
धावलो. आज दादा उशिरा आला. रस्त्यावरच्या चिंचेपाशी थांबून वाट बघितली.

२९ मार्च
वर्षश्राद्ध जवळ आलं, तिथीने एप्रिलातच येतंय. त्याच्या आत शब्द पुरा झाला नाही तर काय होतं, हे गुरुजींना सहज विचारलं. मित्राच्या वतीने. गुरुजी म्हणाले, जीव घुटमळत राहतो. मग आपल्या जिल्ह्यात स्पर्धा नाही तर नाही, मीच घेणार. तारीख एकोणीस एप्रिल, स्थळ मुंजाजीकाकांचा मळा, स्पर्धक एक. दादाला किती दिवस रस्त्यावर थांबवायचं?

१९ एप्रिल. संध्याकाळ
स्पर्धा पार पडली. तपशील असा. तलवारबाजीत काठी मोडली. अडथळ्यांच्या शर्यतीत बांधावरची बाभूळ हा अडथळा होता, तिने पँट धरून ठेवली. नेमबाजीत दगडाने डब्बा पाडायचा होता. डब्बा उभा आहे. धावणे शेवटी ठेवलं होतं, तिथवर पोहोचलो नाही.

कारण पोहणे. कॅन बांधला, शेवटच्या पायरीपर्यंत उतरलो, डोळे मिटले, दादाचं नाव घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा मुटका मारला. पाणी डोक्यावरून गेलं. नाकातोंडात शिरलं. वाटलं संपलं, आता आईची दोन्ही पोरं गेली. जीव तोडून ओरडलो, दादा, धर! दादा! वरून मुंजाजीकाका म्हणाले, "सर, उभं ऱ्हावा की." उभा राहिलो. पाणी कमरेएवढं होतं. एप्रिलात विहिरी आटतात हे मला माहीत आहे, मी इथलाच आहे.

बराच वेळ तसाच उभा होतो. वर यावंसं वाटेना. खरंच वाटलं होतं की तो हात देईल.

२१ एप्रिल
वर्षश्राद्ध. घास ठेवला आणि ताटावरून हात काढायच्या आत कावळा आला. कसलेही आढेवेढे नाहीत. म्हणजे माझी स्पर्धा मान्य झाली. पाचपैकी शून्य, तरी मान्य. दादाचा स्वभाव पहिल्यापासून मोठा.

जेवणं झाल्यावर हे माधवीवहिनींना सांगितलं. दहाव्याला मी दिलेला शब्द, सहा महिन्यांची प्रॅक्टिस, सगळं. त्या आधी हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "भावजी, त्यांना कुठं करायचे होते ते पाच खेळ? तुमचं पोट सुटायलंय, तुमी चिडून तरी उठावं, म्हणून तुमच्यासमोर म्हणायचे. घरात त्यांचं दुसरंच चालायचं. माझ्यामागं जीवनचं कसं व्हायचं, एवढंच म्हणायचे." दहाव्याला मी मोठ्याने बोललो, त्याच वेळी वहिनींनी मनात म्हटलं होतं की भावजींकडं मी बघते, तुमी निर्धास्त जावा. "तवा शिवला कावळा," त्या म्हणाल्या.

मी वाद घातला नाही. कावळा नेमका कुणाच्या शब्दावर शिवला हे ठरवायला शास्त्रीय पद्धत नाही.

२३ एप्रिल
काल धावायला गेलो होतो. फाट्यापर्यंत गेलो, परत आलो. मागे कुणी नव्हतं. चिंचेखाली बसलो, पुन्हा निघालो. कुणी नाही.

आज कॉलेजला दांडी मारली आणि वहिनींकडे गेलो. पाण्याचा तांब्या हातात असतानाच विचारलं, वहिनी, दादाचं आणखी काही राहिलंय का? लहानसहान असलं तरी चालेल. कुणाला काही बोलला असेल, कुठं जायचं असेल, काही खायचं राहिलं असेल. मी करतो. त्यांनी खरोखर आठवून बघितलं. मग म्हणाल्या, "न्हाई, भावजी. सगळं झालं. मोकळे झाले ते."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. घरी येऊन राजेश्रीसमोर पोरासारखा रडलो. दादा मोकळा झाला, चांगलंच झालं. मला तो थोडा अडकलेलाच हवा होता.