चौकातले ताम्हण आणि गुलमोहराचा दगड

मी, मार्तंड धाकू परुळकर, वय वर्षे ६६, निवृत्त बाग-मुकादम, राहणार मुलुंड, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाचेही न ऐकता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्या शुद्धीचा दाखला डॉ. विद्याधर कर्णिक यांनी दिला आहे. आमच्या चौक समितीला असा दाखला कोणी देईल असे वाटत नाही.

१. समितीने १९५० च्या वनमहोत्सवात चौकात गुलमोहराचे रोप लावले आणि शेजारी 'गुलमोहर, हस्ते अध्यक्ष श्री. श्यामकांत राजे' असा दगड बसवला. दगडाला पाणी लागत नाही, म्हणून तो टिकला. रोप दिवाळीपर्यंत मेले. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे लावले, तेही गेले. १९५२ साली मी गुपचूप तिथे ताम्हण लावले. तेव्हापासून समिती दर वनमहोत्सवाला त्यालाच गुलमोहर समजून हार घालते. पाने ओळखायची तर मान वर करावी लागते. यंदा मे महिन्यात झाड जांभळे फुलले. मी चौकात उभ्याउभ्या रडलो, आणि समितीची वाट लागली. आता दगड खोटा पडू नये म्हणून झाड तोडायचे घाटत आहे.

२. माझा मुलगा नंदकिशोर हा समितीचा चिटणीस. तो मला म्हणाला, "बाबा, दगड बदलायचा तर ठराव पास करावा लागतो. झाड तोडायला नाही ना लागत!" मला त्याची लाज वाटते.

३. राहते घर मी सून सौ. वसुधा हिला देतो. उन्हाळाभर तांदूळ धुतलेले पाणी तिने तांब्यातून चौकात नेले. झाड उभे आहे तोवर नंदकिशोरने या घरात राहावे. झाडाला कुऱ्हाड लागेल त्या दिवशी वळकटी उचलावी. वसुधा भिडस्त आहे, म्हणून हे मीच लिहून ठेवतो.

४. खुरपी, झारी व कलमाची सुरी वसुधालाच. कुऱ्हाड मी विहिरीत टाकली आहे, शोधू नये.

५. माझ्या स्मरणार्थ समितीने झाड लावू नये. तेवढे एक रोप तरी वाचेल.

६. या कागदावर सही करणारा प्रत्येक साक्षीदार कबूल करतो की, चौकातले झाड ताम्हण आहे, ते मार्तंड परुळकर याने लावले व वाढवले, आणि आपण ते तोडू देणार नाही. श्यामकांतराव आज चार वाजता साक्षीला येणार आहेत. सही करण्यापूर्वी त्यांनी काही वाचल्याचे मला आठवत नाही.

मुलुंड, ता. ९ जून १९५७

सही: मार्तंड धाकू परुळकर

साक्षीदार:
डॉ. विद्याधर कर्णिक (वाचून)
श्यामकांत राजे, अध्यक्ष, चौक समिती