कूलरविना कर्जमुक्ती

३० मार्च २०२५, गुढीपाडवा
संकल्प. गृहकर्जाची सोळा वर्षं बाकी आहेत. सहा वर्षांत संपवायचं. दर तीन महिन्यांनी मुद्दलात जादा भरणा, बाकी फक्त काटकसर. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसाने टाय लावला होता.
सारिकाला योजना सांगितली. म्हणाली, आधी काय बंद होणार तेवढं सांगा. तिला लांबचं दिसत नाही.

२ एप्रिल
कूलर भंगारात विकला. सहाशे आले. वीजबिल वाचेल ते वेगळंच. देवपूरची माणसं पूर्वी कूलरशिवायच राहायची, असं सारिकाला सांगितलं. ती म्हणाली, पूर्वी देवपुरात झाडंही होती.
खिडकी मोकळी झाली. हवा छान येते.

५ एप्रिल
हवा गरम येते. पुठ्ठा लावला.

७ एप्रिल
पेपर बंद. स्कूटर बंद. पांझरा नदीच्या पुलावरून चालत ऑफिसला गेलो. पोचल्यावर उसाचा रस, दोन ग्लास. पेट्रोलपेक्षा महाग पडला. हा खर्च तब्येतीच्या खाती धरला.

९ एप्रिल
चहा बंद. शेजारच्या टेबलावरचे हाशमभाई त्यांच्यातला अर्धा देतात. आज म्हणाले, कर्ज तुम्ही काढलं आणि हप्ते माझ्या कपातून चाललेत. हसलो. अर्धा घेतला.

११ एप्रिल
बँकेत एसी आहे. शिल्लक विचारायच्या निमित्ताने दीड तास बसलो. व्याज आपण भरतो, गारवा वसूल व्हायला हवा. वॉचमन म्हणाला, काका, टोकन तरी घ्या. घेतलं. नंबर आला तेव्हा डुलकी लागली होती.
घरी सांगितलं. सारिका हसली नाही.

१९ एप्रिल
त्रेचाळीस डिग्री. लग्नसराई. सारिका खिडकीला ओली चादर बांधून ब्लाउज शिवते. चादर दहा मिनिटांत वाळते. पाण्याचा हा वापर योग्य नाही, पण बोललो नाही.

२४ एप्रिल
चाळीस हजार जमले! माझ्या काटकसरीचे तेराशे, बाकीचे सारिकाच्या शिवणाचे. म्हणजे संयुक्त काटकसर. तिने ते नव्या कूलरसाठी ठेवले होते म्हणे. समजावलं, की कूलर वरून गार करतो, मुद्दल घटलं की माणूस आतून गार होतो. तिला पटलं असावं. पैसे दिले.

२५ एप्रिल
आजच भरणार होतो. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पाच दिवसांवर आली. आखाजीला केलेलं क्षय पावत नाही. चोपड्याला सासुरवाडीला जायचंच आहे, तिथल्या शाखेत मुहूर्तावर भरू. सारिका म्हणाली, मग कर्जच अक्षय होईल. श्रद्धा नाही.
नंतर तिने भावाला, जीवरामला फोन लावला. खूप वेळ हळू आवाजात बोलली, मधेच हसली. माहेरची ओढ.

२९ एप्रिल
निघताना सारिकाने टेप काढून खिडकीचं माप घेतलं. डोक्यात पडदे असावेत. पडद्यांना बजेट नाही, हे तिथेच स्पष्ट केलं.
तिला एसटीत अर्धं तिकीट. चांगली सुरुवात.

३० एप्रिल, आखाजी. सकाळी ९
अंगणात झोके, ओसरीवर पत्ते. एरवी पत्त्यांना न शिवणारेही आज बसतात. आखाजीचा जुगार इथे कुणी जुगार धरत नाही. मी बसणार नाही. पाकीट खिशात. बँक दहाला उघडते.

९.४०
अजून वीस मिनिटं आहेत. जीवराम म्हणाला, दाजी, लांबून काय पाहता, या की. का ताईला विचारावं लागतं? सगळी ओसरी हसली. फक्त दोन डाव.

१०.१५
सहाशे जिंकलो. अख्खा कूलर विकून एवढेच आले होते. व्हिडिओतल्या माणसाला हा मार्ग माहीत नाही. बँक चारपर्यंत आहे.

१२.३०
जरा मागे आहे. पाकिटातून तात्पुरती उचल. सासूबाई पापडाची परात घेऊन जाता जाता थांबल्या. म्हणाल्या, जवाईबापू, हाऊ पैसा तुमना शे का बँकना? म्हणालो, सध्या दोघांचा.

३.३०
आमरस, खापरावरची पुरणपोळी. जेवण उत्तम. बँकेत गेलो नाही. नेण्यासारखं काही नव्हतं. सगळं जीवरामकडे आहे.

१ मे
एसटीत सारिकाला सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. बरं, एवढंच म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. धरणगाव येईपर्यंत खांदे हलत होते. बिचारी. एवढं रडताना तिला कधी पाहिलं नव्हतं.

३ मे
जीवराम टेम्पो घेऊन दारात. टेम्पोत नवा कूलर. आखाजीची बहिणीला भेट. दाजी, तुम्ही बसलात म्हणून जमलं, असं म्हणाला. मोठ्या मनाचा आहे. आभार मानले. अख्खा कप चहा दिला.
कूलर खिडकीत बरोब्बर बसला. सूतभरही फट नाही. जीवरामसारख्या केळीच्या बागा करणाऱ्यांची नजर पक्की असते.

५ मे
हप्ता गेल्याचा मेसेज आला. पंधरा वर्षं दहा महिने. म्हणजे कर्ज उतरायला लागलं आहे.
कूलरचं तोंड शिलाई मशीनकडे आहे. जरा इकडे वळव म्हटलं. सारिकाने मशीन थांबवलं नाही. टोकन घ्या आणि बसा, म्हणाली.
बसलो.