खाडाखोड नसलेली वही

४ मार्च
आली एकदाची. पक्ष्यांचं रक्त तपासायला नेमली आहे म्हणे. मी तिचं नाव सुई ठेवलं. पहिल्याच दिवशी, "मावशी, वंशावळीची वही द्या ना जरा." मावशी! कुणाची मावशी? एकवीस वर्षं या पैदास केंद्रातल्या करकोच्यांची ती वही माझ्या अक्षरात चालते आहे. कुठलं अंडं कोणाचं, कुठलं पिल्लू कोणाचं — सगळं. दिली. आपटून दिली.

९ मार्च
सगळ्यांचं रक्त काढून झालं. माझ्या लाडक्या मादीने, निळीने, सुईच्या हातावर चोच मारली. तेवढंच समाधान.

२ एप्रिल
रिपोर्ट आला. निळी आणि तिचा जोडीदार, सतरा नंबरच्या कडीचा नर, म्हणे सख्खी भावंडं! जोडी तोडा, नाहीतर पिल्लं दुबळी निघतील, जगात हे पक्षी उरलेत किती... वगैरे.

माझ्या वहीत स्वच्छ लिहिलं आहे — सतरा तळ्याकडच्या जोडीचा, निळी भिंतीकडच्या जोडीची. आठ वर्षांपूर्वी दोघं उबवणीच्या मशीनमध्ये माझ्यासमोर अंड्यातून बाहेर आली. आता एकमेकांशिवाय दाणा टिपत नाहीत. तोंडावर सांगितलं तिला, "नळ्यांची अदलाबदल केलीस तू." तर शांतपणे म्हणते, "मावशी, मी दोनदा तपासलं." तो शांतपणा बघूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

३ एप्रिल
नवरा म्हणतो, "सोयरीक पक्ष्यांची आणि विहीण झालीस तू!" हसतोय वर. रात्री त्याची भाजी मुद्दाम अळणी केली.

१० एप्रिल
साहेबांकडे लेखी तक्रार दिली. साहेब म्हणाले, "तुमच्या वहीत मी आजवर एक खाडाखोड पाहिली नाही." मग! जोडी तशीच राहणार. सुईला महिनाअखेर नारळ.

१३ एप्रिल
निळीने दोन अंडी घातली!! घे म्हणावं.

३० एप्रिल
सुई गेली. जाताना निळीच्या जाळीपाशी बराच वेळ उभी होती. मला म्हणाली, "चूक माझीच निघाली तर मला आनंद होईल, मावशी." नाटकी! मी पाठ फिरवली.

१६ मे
पिल्लं नाहीत. पूर्ण वाढलेली, दोन्ही कवचातच मेली. निळी अजून तशीच बसून आहे, उठत नाही. मला रडू आवरेना.

साहेब म्हणाले, उन्हाळा कडक आहे. मीही तेच म्हणाले. पण निळी आणि सतरा जन्मली तेव्हाही कडकच होता की. त्या वर्षीची रोजनिशी माळ्यावर असेल, उद्या काढून बघते.

१७ मे
सापडली. उन्हाबद्दल काही नाही. एप्रिलमध्ये एका दिवशी एवढंच, माझ्याच अक्षरात — "उबवणीचं मशीन साफ करताना ओलं फडकं लागून दोन अंड्यांवरचे पेन्सिलचे आकडे पुसले गेले. अंदाजाने एकावर तळ्याकडच्या जोडीचा, दुसऱ्यावर भिंतीकडच्या जोडीचा परत घातला. कुणाला कळणार आहे!"